बारावीनंतर सुतारकाम शिकायचंय: आयटीआय, कारखान्यातली अप्रेंटिसशिप की मिस्त्रींसोबत साइट?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू सातारा जिल्ह्यातला, वय 19, बारावी झालेली. सुतारकामातच पुढे जायचं ठरवलंयस. समोर तीन वाटा आहेत: आयटीआयचा कारपेंटर ट्रेड, पुण्याजवळच्या एका मॉड्युलर किचनच्या कारखान्यात अप्रेंटिस, किंवा मामाच्या ओळखीचे मिस्त्री, जे साइटवर सोबत न्यायला तयार आहेत. शेवटी हळूच विचारलंयस, की आमच्या घरात कुणी सुतार नाही, तर या धंद्यात निभाव लागेल का. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी आयटीआय करून कारखान्यात अप्रेंटिस होतो, मग काही वर्षं साइटवर काढली, आणि आता पुण्यात दारं, खिडक्या, जिने आणि थोडं फर्निचर करणारं छोटं वर्कशॉप चालवतो. शिकायला मुलं घेतो. म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्यात, पण आज मी मालकाच्या खुर्चीत बसून बोलतोय, तेवढं ध्यानात ठेवून वाच.

तू विचारतोयस कुठली वाट धरू. मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे: सहा महिन्यांनी तुझ्या हातात कुठलं काम असेल? कारण त्याच नावाच्या दोन जागांवर दोन अगदी वेगळी उत्तरं मिळतात. एका कारखान्यात अप्रेंटिस मुलगा वर्षभरात कटिंगपासून फिटिंगपर्यंत सगळीकडे फिरतो, दुसऱ्यात तोच मुलगा वर्षभर एजबँडिंग मशीनमध्ये, म्हणजे बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवणाऱ्या मशीनमध्ये, पट्ट्या सरकवत उभा असतो. दोघांच्या हातात शेवटी सारखंच प्रमाणपत्र येतं. नोकरी मागायला माझ्याकडे आले की पहिल्या अर्ध्या तासात फरक कळतो.

तरी तीनही वाटांचं खरंखोटं सांगतो.

आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि प्रवेशाला आठवी पास पुरते, त्यामुळे बारावीवाल्याला तो कमीपणाचा वाटतो. तसं समजू नकोस. तिथे मिळते ती एक गोष्ट बाहेर कुठेच मिळत नाही: चुकायला फुरसत. सांधा बिघडला तर गिऱ्हाईक दारात उभं नसतं. पटाशी, रंधा, करवत, आखणी, हाताने केलेले सांधे, थोडं ड्रॉइंग, थोडं गणित, हे सगळं ओळीने होतं. उणं असं, की निदेशक कसा आहे यावर फार अवलंबून असतं. काही ठिकाणी मशीन झाकून ठेवलेली असतात आणि लाकूड मोजून मिळतं. म्हणून प्रवेशाआधी एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन ये. जमिनीवर ताजा भुसा दिसला तर बरं लक्षण. आणखी एक फायदा: मध्य रेल्वे, माझगाव डॉक अशा ठिकाणच्या अप्रेंटिस भरतीत कारपेंटर ट्रेड असतो, आणि मध्य रेल्वेच्या जाहिरातीत तर आयटीआय असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. तिशीत कधीतरी सरकारी नोकरीचा विचार आला तर हा कागद उपयोगी पडेल.

कारखान्यात मिलिमीटरची शिस्त लागते. तिथे काम वाटलेलं असतं: पॅनेल सॉ (मोठे ताव कापायची करवत), एजबँडिंग, ड्रिलिंग, असेंब्ली, पॅकिंग. बिजागरीच्या कपाचं भोक 35 मिमी व्यासाचं, भोकांची ओळ काठापासून 37 मिमीवर, दोन भोकांत 32 मिमी, हे आकडे तोंडपाठ होतात आणि जगभरातलं बहुतेक हार्डवेअर याच आकड्यांवर बसतं. पण सागाची फळी तुझ्या हाताखालून कदाचित एकदाही जाणार नाही. प्लाय, आणि लाकडाचा चुरा दाबून केलेले एमडीएफ व पार्टिकल बोर्ड, यांनाच तू लाकूड समजायला लागशील. त्यातही पोट भरतं, वाईट काही नाही. फक्त मग स्वतःला सुतार म्हणवताना जरा अडखळायला होतं.

साइटवरच्या मिस्त्रींचं सांगायचं तर, पुण्यामुंबईत बहुतेक इंटिरियरचं काम चौरस फुटाच्या मजुरीवर चालतं. मिस्त्री ठेका घेतो, सोबत चार-सहा माणसं, राहणं साइटवरच, आठवड्याला खर्ची आणि हिशोब नंतर. अशा गँगमध्ये शिकाऊ पोरगा प्लायचे ताव जिन्याने वर चढवतो, लॅमिनेटला फेविकॉल लावतो आणि पॉलिश पेपर घासतो. मिस्त्री वाईट असतो म्हणून नव्हे. चौरस फुटावर काम असल्यावर तुला शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. पण साइट जे शिकवते ते कारखाना शिकवत नाही: काटकोनात नसलेल्या भिंती, ओलसर कोपरा, ऐन वेळी मन बदलणारं गिऱ्हाईक. एक अपवाद मात्र सांगून ठेवतो. तुझ्या मामाच्या ओळखीचे मिस्त्री जर अजून भरीव लाकडाच्या चौकटी आणि झडपा हाताने करत असतील, गावाकडची जुनी घरं दुरुस्त करत असतील, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेव आणि आधी त्यांच्याकडे सहा महिने जा. अशी माणसं कमी होत चाललीत, आयटीआय कुठे जात नाही.

अपवाद सोडला तर माझा कल असा. घरी पैशाची लगेच निकड नसेल तर घराजवळच्या आयटीआयचं एक वर्ष कर, सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींच्या हाताखाली जा, आणि मग एक वर्ष नोंदणीकृत अप्रेंटिसशिप कर. घरी पैसे द्यायचे असतील तर कारखान्यातून सुरुवात कर, पण पुढे सांगतोय ते विचारून घेऊन. साइट तिसऱ्या वर्षी. तोवर हात बसलेला असतो, त्यामुळे तुला ओझी उचलायला कमी आणि कामाला जास्त लावतात.

आता अप्रेंटिसशिपच्या कागदांबद्दल, कारण इथे मुलं फसतात. हे सगळं 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालतं. ‘ये, तुला अप्रेंटिस म्हणून ठेवतो’ असं तोंडी म्हणणं म्हणजे अप्रेंटिसशिप नाही. तुझा आणि मालकाचा करार सरकारी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे, त्यात ट्रेड आणि मुदत लिहिलेली असते. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसांच्या जागा स्वखुशीने घेऊ शकतात, माझ्यासारख्या. किमान विद्यावेतन 2019 च्या नियमांत ठरवलं होतं: दहावी पासला दरमहा 6,000, बारावी पासला किंवा आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला 7,000 रुपये. हे दर सुधारले जातात, म्हणून सही करायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा बघ. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार देतं. तो आता थेट मुलाच्या खात्यात येतो, म्हणून बँक खातं आधारशी जोडलेलं ठेव.

त्याच कायद्यातल्या दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही. एक, अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत. ‘जितकी कॅबिनेट जोडशील तितके पैसे’ असं कुणी म्हणालं तर तो तुला स्वस्त कामगार म्हणून घेतोय. दोन, शिकताना कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. आणि हेही समजून घे, की वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच असा हक्क मात्र नाही. शेवटी परीक्षा होते आणि पास झालास की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. आयटीआय आधी केलेलं असेल तर सुरुवातीचं मूलभूत प्रशिक्षण पुन्हा करावं लागत नाही, हा तो क्रम सुचवण्यामागचा एक साधा हिशोबही आहे.

कारखान्यात भेटायला जाशील तेव्हा मालकाला किंवा एचआरला नको, मागच्या वर्षीच्या अप्रेंटिस मुलाला गाठ. चहाच्या टपरीवर सापडेल. त्याला विचार, कुठकुठल्या मशीनवर होतास, आणि मोजमाप घ्यायला साइटवर कधी नेलं का. एकाच खात्याचं नाव सांगितलं तर तुला उत्तर मिळालं. मग सुपरवायझरशी बोलताना खाती फिरवून द्याल का ते सरळ विचार, आणि जमलं तर लिहून घे. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही. मला तर असं विचारणारा मुलगा आवडतो.

माझ्याकडे मुलगा आला की पहिले काही आठवडे त्याला मशीनजवळ जाऊ देत नाही. आधी धार. पटाशीची पाठ आरशासारखी सपाट करायची, मग तोंड 25 ते 30 अंशांत. बहुतेक मुलं इथेच कंटाळतात, कारण यात दाखवण्यासारखं काही तयार होत नाही. पण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटते. हात कापतो तो बहुतेक वेळा बोथट हत्याराने. धार जमली की आखणी: पेन्सिलने नाही, सुरीने, आणि गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) नेहमी एकाच कडेला टेकवून. मग उभी कापणी, मग अर्धा-अर्धा सांधा, मग कुसू आणि खाच, म्हणजे एका लाकडाचं बारीक केलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवायचा सांधा. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश ठेवायची, पण नेमकी जवळच्या पटाशीच्या रुंदीइतकी करायची, म्हणजे खाच एकाच पटाशीने निघते. हे शेवटचं पुस्तकात सापडेलच असं नाही. यानंतर एक स्टूल करायला देतो. चार पाय, आठ आडव्या काठ्या, सोळा सांधे. ते स्टूल डुगडुगलं नाही की गोल करवतीकडे न्यायचं.

लाकूड हलतं, हे याच काळात समजलं पाहिजे. फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. कापाच्या तोंडावर मोठ्या कमानी दिसणारी फळी उभ्या रेषांच्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. म्हणून दाराच्या चौकटीतलं पॅनेल खोबणीत मोकळं सोडायचं, फेविकॉल लावायचा नाही. लावलास तर रत्नागिरीच्या पावसात एकतर पॅनेल तडकेल नाहीतर चौकटीचे सांधे उघडतील. जिथे शिकायला जाशील तिथल्या माणसाला विचार, पॅनेल का चिकटवत नाहीत. ‘असंच करतात’ म्हणाला तर तो करायला शिकवेल, समजावून सांगणार नाही. दोन्ही देणारा मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच थांब.

मोजमापाचा एक घोळ तुला पहिल्याच महिन्यात भेटणार आहे. साइट इंच आणि सुतात बोलते, कारखाना मिलिमीटरमध्ये. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत 3 मिमीपेक्षा किंचित जास्त. मिस्त्री ‘पाऊण इंची प्लाय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सहा सूत असतात, म्हणजे 19 मिमी. दुकानातून येतो तो 18 मिमीचा ताव. फरक एका मिलिमीटरचा, पण एका कॅबिनेटला दोन बाजू असतात. ओळीत पाच कॅबिनेट लागली की 10 मिमीचा हिशोब चुकतो आणि शेवटचं दार एकतर घासतं नाहीतर फट दाखवतं. तसंच तावाचं. आठ बाय चारचा ताव म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. 1220 मधून 610 चे दोन तुकडे कागदावर निघतात, करवतीवर निघत नाहीत, कारण पातं स्वतः तीनएक मिमी खातं. 18 मिमी बाजूंचं 600 मिमी रुंद कॅबिनेट असेल तर आतली फळी 564. हे तोंडी यायला हवं. बारावीपर्यंत गणित होतं ना? मग तू माझ्याकडच्या निम्म्या जुन्या कारागिरांच्या पुढे आहेस. कटिंगची यादी बिनचूक लिहिणाऱ्या मुलाकडे वर्षभरात सगळं वर्कशॉप विचारायला येतं.

सुरक्षेबद्दल इथे लोक दोन ओळी लिहून सोडतात, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. गोल करवतीवर हातमोजे घालायचे नाहीत. ऐकायला उलटं वाटतं, पण फिरत्या पात्यात मोज्याचा धागा अडकला की हातही ओढला जातो. सैल बाही, गळ्यातला मफलर, हातातला दोरा, सगळं काढून. पात्याच्या मागे उभी पट्टी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेली फट मिटून लाकूड पात्यावर चावू नये म्हणून ती असते. पुष्कळ ठिकाणी ‘मध्ये येते’ म्हणून ती काढून ठेवलेली दिसेल. ती नसताना लाकूड पात्यात आवळलं गेलं की बंदुकीच्या गोळीसारखं मागे येतं, आणि मागे तू उभा असतोस. म्हणून पात्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, आणि शेवटचा तुकडा बोटांनी नव्हे, पुश स्टिकने ढकलायचा. दुसरी गोष्ट भुशाची. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 सालीच जाहीर केलंय. एमडीएफची धूळ त्याहून बारीक असते आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंकही असतो. रुमाल बांधून ती थांबत नाही, चांगला एन-95 मास्क लागतो. शिकायची जागा बघायला जाशील तेव्हा करवतीला धूळ ओढणारी नळी जोडलेली आहे का बघ. नसेल तर मालकाने मशीनला पैसे घातले आणि माणसांना नाही, एवढं कळलं.

हत्यारांवर आत्ता फार खर्च करू नकोस. 6, 12 आणि 25 मिमीची एकेक पटाशी, एक मध्यम रंधा, गुण्या, बारीक दातांची करवत, टेप, धारेचा दगड. एवढं स्वतःचं ठेव आणि कुणाला उसनं देऊ नकोस. ड्रिल, राउटर, कटर वर्कशॉपचं वापर. स्वतःची पहिली पॉवर मशीन स्वतःच्या पहिल्या कामाच्या पैशांतून घ्यावी.

जर्मनीबद्दलही कुणीतरी तुला सांगेलच. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून एजंट लोक सुतारांनाही गाठतायत. तिथे छपराचा लाकडी सांगाडा उभारणारा त्सिमरर आणि दारं, फर्निचर करणारा टिशलर हे दोन वेगळे धंदे आहेत. दोन्हींचं प्रशिक्षण तीन वर्षांचं, थोडे दिवस शाळेत आणि बाकीचे कंपनीत, आणि त्या काळात पगार मिळतो. त्यासाठी जर्मन भाषा साधारण बी-1 पातळीपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं-वाचणं जमेल इतकी, आधी यावी लागते. म्हणजे खरा खर्च भाषेवर, आणि ती शिकायला चांगला दीड वर्ष वेळ. आधी लाखभर भरा, भाषा तिकडे गेल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पड.

आता तुझा शेवटचा प्रश्न. सुताराच्या घरात वाढलेल्या मुलाला एक आघाडी असते, ती नाकारून चालणार नाही. लाकडाचा वास, हत्याराचं वजन, कुठल्या बाजूने रंधा चालवायचा, हे त्याला शाळेच्या वयातच आलेलं असतं. ही आघाडी साधारण पहिल्या वर्षापुरती टिकते. मुंबईपुण्याच्या साइटवर आज राजस्थानचे जांगिड आणि सुथार आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची मुलं आहेत, आपल्याकडचे पांचाळ आहेत, आणि घरात कधी रंधा नव्हता अशीही पुष्कळ आहेत. सुपरवायझर सांधा बघतो. गावात क्वचित कुणी टोमणा मारेल, तो सोसावा लागेल. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे: वारशाने आलेल्या मुलाला गिऱ्हाईक बापाकडून मिळतं, तुला ते स्वतः जोडावं लागेल. म्हणून पहिल्या दिवसापासून केलेल्या कामाचे फोटो काढून ठेव, तयार वस्तूचेच नाही, आतल्या सांध्यांचेही.

तू ‘पीएम विश्वकर्मा’चं विचारलं होतंस. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 धंद्यांपैकी सुतारकाम एक आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपयांची मदत, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज. पण ती हाताने स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातल्या एकालाच मिळते. तू अजून शिकतोयस, म्हणून आत्ता त्यामागे सेतू केंद्राच्या फेऱ्या मारू नकोस. अप्रेंटिसशिप संपवून स्वतःची कामं घ्यायला लागलास की तेव्हाचे नियम बघून अर्ज कर. आत्ता त्या वेळात आयटीआयच्या प्रवेशाच्या तारखा बघ, आणि मिस्त्री अजून चौकटी करतात का ते मामाला विचारून इथे लिही, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.